साडेनऊच्या आत

हे घे, आढाव. तीन किल्ल्या.
मोठी दाराची. मधली कपाटाची,
जरा उचलून फिरव, नाहीतर अडते.
तिसरी कशाची, ते बावीस वर्षांत मला कळलं नाही.
तरी जुडग्यातून काढू नकोस.

फतेहगंजातल्या या देवळात
आपण धड मालक नाही, धड पाहुणे नाही.
साडेनऊला गुजराती मंडळी पायरीवर येते,
तेव्हा प्रवचन सव्वानऊला संपव.
देवाला घाई नसते,
मकवाणाबेनच्या गुडघ्यांना असते.

पंचकमिटीत पहिलं बोलू नकोस.
आधी चहा येऊ दे. मग काळोखे ओरडेल,
छपराच्या हिशेबावरून दरवर्षी ओरडतो.
ओरडू दे. गळायला लागलं की
शिडी घेऊन तोच येतो.
गोड बोलणाऱ्यांपैकी एकालाही
मी अजून छपरावर पाहिलेलं नाही.

दानपेटी एकट्याने उघडायची नाही.
तू चोर नाहीस, म्हणूनच.
दोघांनी मोजावं, तू सही करावी,
आणि कुणी किती टाकलं ते विसरावं.
मला हे शेवटचं कधी जमलं नाही.

विश्वामित्री चढली त्या साली
मी नोहाच्या तारवावर टिपणं काढत बसलो होतो,
आणि झाडलोट करणारी सुगंधाबाई
कुणाला न विचारता बाकं एकावर एक रचत होती.
मागच्या पडवीत खिचडी शिजत होती.
चार दिवस मंडळी तिने सांभाळली.
मी तांदूळ निवडले.
‘बरे निवडलेत,’ म्हणाली.
बडोद्यात मला मिळालेलं एवढंच प्रशस्तिपत्र.

एक राहिलं. बस जरा.

शालमोन भांबळ एका रात्री कपाटाशेजारच्या
त्या खुर्चीत रडला होता. मुलाबद्दल.
पुढच्या रविवारी मला दाखला हवा होता.
नाव घेतलं नाही मी. ‘एका घरी,’ एवढंच म्हणालो.
तीन रांगा वळल्या, त्याच्याकडे.
प्रवचन फार छान झालं,
लोकांनी हात हातात घेऊन सांगितलं.

तेव्हापासून भांबळ साडेनऊच्या उपासनेला येतो.
गुजराती त्याला निम्मी कळते.
मी बाहेर पडतो, तो आत शिरतो,
पायरीवर चप्पल काढताना म्हणतो,
‘सलाम, पाळकसाहेब.’
नऊ वर्षं. एकही रविवार चुकवला नाही त्याने.
मी चुकवले. मुद्दाम लांबवलं,
मागच्या दाराने निघालो, स्कूटर तिकडेच लावली.

तू पुढच्या दाराने निघ.
माझ्या वतीने काही बोलायला जाऊ नकोस,
ते माझं मी, या आठवड्यात, बघतो.
फक्त पायरीवर थांब.

आणि हो,
पंख्याचं बटण दाबलं की माइक बंद पडतो.
दुरुस्त करू नकोस.
सुगंधाबाईला तुला थांबवायचं असेल तेव्हा
ती तेच दाबते.