बदली

केमीत डिसेंबरचा सूर्य
अकराच्या सुमारास येतो, दोनच्या आत उठतो.
बँकेतला कारकून परवडला.
बाकीचा वेळ अंधार, बर्फ
आणि माझ्या खोलीतला निळा उजेड.
औलूच्या वसतिगृहातून घरी आलो त्याला चार दिवस झाले,
त्यातले तीन मी नदीपलीकडच्या जंगलात काढलेत,
फळकुटांचा पूल बांधत,
एलादियोबरोबर.

एलादियो चिलीचा. कोकिंबो नावाच्या बंदराचा.
तोंड पाहिलेलं नाही, खोकला ओळखतो.
तिकडे उन्हाळा आहे म्हणतो, खिडकीतून
तळलेल्या माशाचा वास येतो म्हणतो.
मी म्हणतो, इकडे उणे तेवीस.
तो म्हणतो, थापा मारू नकोस.

काल संध्याकाळी आजोबांच्या थडग्यावर
आम्ही मेणबत्ती लावून आलो.
बर्फात खड्डा, खड्ड्यात ज्योत,
अशा शेकडो. कोणी बोलत नव्हतं.
मग सौना. मग तांदळाची खीर,
आणि अख्ख्या पातेल्यात लपवलेला एकच बदाम.
तो बाबांना आला. त्यांनी गालात सरकवला
आणि गप्प बसले.
पिहला सात वर्षांची, वाडगं खरवडत राहिली,
तिच्या वाडग्यात नंतर तो निघाला,
जरा ओला.

पहाटे पाचला एलादियोनं लिहिलं:
आई हाक मारतेय, बारा वाजले, सगळे ताटावर बसलेत,
पाच मिनिटांत येतो.
आणि तो नदीकाठी तसाच उभा राहिला,
हातात कुऱ्हाड, डोळे उघडे, आत कोणी नाही.
त्याच्या पाठीवर आमचं तीन दिवसांचं सगळं लोखंड.
पाच मिनिटं म्हणजे किती, ते मला ठाऊक होतं.
जेवण आहे. मावश्या आहेत.

लांडगे येतात ते उजवीकडून,
चंद्र ढगाआड गेला की.

बाबा पाचलाच उठतात.
कागदाची गिरणी बंद होऊन तीन वर्षं झाली,
पाय अजून भोंग्यावर उठतात.
कॉफीचा मग घेऊन दारात उभे राहिले.
मला वाटलं, आता बोलणी.
म्हणाले, काय चाललंय?
म्हटलं, मित्र जेवायला गेलाय. त्याला राखतोय.
त्यांनी पडद्याकडे पाहिलं, खूप वेळ,
यंत्राचा आवाज ऐकावा तसं.

किती वाजल्यापासून?
काल दुपारपासून जागा आहे.
बदली कधी?

बदली नाही, म्हटलं.

बदलीशिवाय पाळी? म्हणाले,
आणि हे एवढ्या तुच्छतेनं म्हणाले
की मला सगळ्या जंगलाची लाज वाटली.
उठ. कुठलं बटण?
हे मारायचं, हे पळायचं.
पळायचं नको सांगूस.

मी फ्रीजमधली गार खीर उभ्यानंच खाल्ली.
भिंतीपलीकडून एकेक बटण ऐकू येत होतं,
एकाच बोटाचं, सावकाश,
मध्येच एकदम सात-आठ वेळा, जोरात,
आणि एक शिवी, जी आईसमोर देत नाहीत.
मग पुन्हा शांत.
खुर्चीतच डोळा लागला असावा.

परत आलो तेव्हा बाबांनी शेकोटी पेटवली होती.
ती कशी पेटवायची हे मी सांगितलं नव्हतं.
एलादियो हलत होता, उड्या मारत होता,
विचारत होता, तू अजून इथेच? आत्यानं नाचायला लावलं रे,
माफ कर, माफ कर.
खाली बाबांनी आमच्याच भाषेत टंकलं होतं:

५.१० ते ६.०५. लांडगे दोन. माल पूर्ण.
नदीकडची बाजू तपासली. बाकी शांत.

त्यावर एलादियोचं एक प्रश्नचिन्ह.

बाबा उठले, मगाचा तळ पाहिला, खुर्ची माझ्याकडे ढकलली.
दारापर्यंत गेले. तिथून,
पाठ करूनच:
उद्या पण उशिरा जेवतात का रे
त्या लोकांकडे?