दोन ते आठ

यशूताई परत आली तेव्हापासून आमच्या फ्रिजमध्ये
दुधाच्या पिशवीशेजारी एक थर्मामीटर निजलेला असतो.
सकाळी आठ, संध्याकाळी पाच.
ती दार उघडते, वाकते, आकडा वाचते
आणि कॅलेंडरवर, एकादशीच्या खाली,
शिसपेन्सिलीने लिहिते: सहा. साडेसहा. पाच.
आईला वाटलं, दुधाचा हिशोब.

कन्नमवार नगरात वीज सहसा जात नाही.
गेलीच, तर लोक गॅलरीत येऊन
समोरच्या बिल्डिंगची गेली का बघतात.
ताई फ्रिजच्या दाराला पाठ लावून बसते.
"उघडू नका. कुणीच उघडू नका."
आत काय, तर अर्धं कलिंगड, कालची आमटी, बाबांचं इन्सुलिन.
"इन्सुलिनसाठी म्हणत असेल," बाबा म्हणाले.
बाबांना कारण सापडलं की ते पेपर उघडतात.

अडीच वर्षं ती उंबरखाडीला होती,
धडगावच्याही पलीकडे, जीप सोडून पुढे चालत.
रविवारी टेकडीवर चढून फोन करायची.
मागे वारा इतका मोठ्याने बोलायचा
की आम्हाला फक्त "मजेत" ऐकू यायचं.
आम्हाला तेवढंच हवंही होतं.

परळला, ओपीडी नंबर सोळात, डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "झोप?"
ताई म्हणाली, "नॉर्मल."
हा शब्द तिने किती जणींच्या कागदांवर लिहिलाय.
बाईंनी पेन खाली ठेवलं.
आता दर बुधवारी जाते. अर्धी गोळी, रात्री.

बोलली एकदाच, मटार सोलताना,
मला नाही, मटारांना:
"श्रावणात नऊ दिवस तारा पडलेल्या.
क्वार्टरच्या भिंतीपलीकडे लसींचा फ्रिज.
रात्री त्याची घरघर असायची, माणूस झोपल्यासारखी.
ती थांबली.
मग मीच तोंडाने घरघर करून बघितली.
वीज आली तेव्हा लसी सगळ्या बाद केल्या,
पण रजिस्टरमध्ये नऊ दिवस रिकामे दिसत होते.
भरले.
सहा. साडेसहा. पाच.
सुपरवायझर म्हणाले, अक्षर सुंदर आहे."
एक दाणा घरंगळत ओट्याखाली गेला.
तो शोधायला ती बराच वेळ खाली वाकून राहिली.
मी मदत केली नाही.
करायला हवी होती की नको, अजून कळत नाही.

आज आठ वाजले, ताई उठली नाही.
आई दोनदा दारापर्यंत गेली, दोनदा परत आली.
शेवटी मीच फ्रिज उघडला.
वाकलो. सात की आठ? चष्मा नव्हता.
अंदाजे लिहिता आलं असतं.
चष्मा आणायला गेलो, तो सापडला बाबांच्या पेपराखाली,
आणि दार तसंच उघडं.
येईपर्यंत पारा नऊवर.

नऊ लिहिलं.
दार लावलं. फ्रिज घरघरायला लागला.
आतल्या खोलीत ताई झोपलेली होती,
तोंड किंचित उघडं,
एक पाय चादरीबाहेर.