एका माशाची नोंद

इवादाते त्सुनेको, वय एक्याण्णव.
तिचा शिक्का माझ्या खणात आहे,
अंगठ्याएवढा, लाकडी, कडेला टवका उडालेला.
तो कागदावर उमटला की नोशिरोचं तिचं घर विकलं जाईल,
मागचं पाइनचं रान विकलं जाईल,
आणि तिला कळणारही नाही.
म्हणून खणाला कुलूप, आणि किल्ली
माझ्या बायकोलाही ठाऊक नसलेल्या जागी.

कोर्टानं नेमलं तेव्हा वाटलं, काम सोपं आहे:
तिचं ते तिचं, माझं ते माझं.
दोन पासबुकं, दोन रंगांच्या पिशव्या.

सेंदाईहून भाचा आला, ट्रकसाठी उसने मागायला.
"मावशी भानावर असती तर नाही म्हणाली नसती."
खरं असेल.
मी नाही म्हणालो.
जाताना त्यानं दार आपटलं नाही, हळूच लोटून घेतलं.
ते जास्त लागलं.

नव्या वर्षाला तिनं मला पाकीट दिलं,
आत दहा हजारांची कोरी नोट,
आणि मला कात्सुजी म्हणाली. तिचा धाकटा भाऊ, कधीच गेलेला.
दोन्ही हातांनी घेतलं, वाकलो,
बँक उघडली त्या सकाळी
तिच्याच खात्यात भरून आलो.

अशी चार वर्षं. दर डिसेंबरला अहवाल.
शिल्लक वाढत गेली. कोर्टातल्या बाई म्हणाल्या,
फार नीटनेटकं ठेवता हो.
त्याच खुशीत वृद्धाश्रमात गेलो
तर तिच्या स्वेटरचं कोपर विरलेलं.
तिसरा हिवाळा, तोच स्वेटर.
पै न पै राखली होती मी,
आणि जिची होती ती गारठत होती.

स्वेटर आणला, लोकरीचा, महागातला.
विचारलं, अजून काय हवं?
तिनं खिडकीकडे पाहिलं. समुद्रावर ढग गुरगुरत होते.
"हाताहाता," म्हणाली.
असा गडगडाट झाला की काठाशी येतो तो मासा.

आठ नग, बाराशे चाळीस येन, पावती घेतली.
स्वयंपाकिणीनं मीठ लावून भाजले.
तिनं एक माझ्या ताटलीत सरकवला.
मी मान हलवली.
"खा," ती म्हणाली, "उपाशी पोटी
दुसऱ्याचे पैसे मोजू नयेत."

तळं राखील तो पाणी चाखील.
चाखलं मी. गाभोळी दाताखाली कुरकुरली.

रात्री माझ्या पाकिटातून एकशे पंचावन्न येन
तिच्या पिशवीत टाकले.
अहवालात आकडा भरलाय,
तपशिलाचा रकाना कोरा.
परतफेड म्हणावं, तर तिनं उसनं दिलं नव्हतं.
भेट म्हणावं, तर ती घ्यायची मला मुभा नाही.
बाहेर पुन्हा गडगडतंय.
लिहितो: मासा, एक.

मग खाली, बारीक अक्षरात:
गाभोळीसकट.