प्रवेश तिसरा, दारावर थाप

नोटीस बोर्डावर दोन कागद होते.
एकावर फी भरण्याची शेवटची तारीख,
दुसऱ्यावर निळ्या शाईत: एकांकिकेसाठी मुलं-मुली पाहिजेत.
खाली पेन्सिलीनं कुणीतरी: चहा मिळेल.

मी चहासाठी गेले, असं अजूनही सांगते.

इम्तियाज मुजावर, मिरजेचा, एस. वाय.ला,
वहीतून मान वर न करता म्हणाला, वाच.
मी वाचलं, रसायनशास्त्राचं जर्नल वाचावं तसं.
तो हसला नाही. हे त्याचं उपकारच.
म्हणाला, विंगेत उभी राहशील?
तिसऱ्या प्रवेशात दार वाजतं. तीनदा.
आणि आपल्याकडे दार नाहीये.

सावळजची शेवटची एसटी सहा चाळीसला.
तालीम साडेपाचला, म्हणजे सहाला,
म्हणजे माझ्या वाट्याला चाळीस मिनिटं,
त्यातली दहा हॉल झाडण्यात, दहा स्टँडवर पळण्यात.
घरी सांगितलं, प्रॅक्टिकल आहे.
दिवाळीपर्यंत प्रॅक्टिकलच चाललं.
आई म्हणाली, रोज एवढं काय उकळता गं तुम्ही?

आधी बाक वाजवून पाहिला. बाकच वाजला.
मग खोकं, मग टेबल, मग धनेश कोळेकरची पाठ.
आवाज यायचा, पण कुणी आल्यासारखं वाटायचं नाही.
मागे माणूस उभा पाहिजे, इम्तियाज म्हणायचा,
आणि मागे तर मीच होते.

शेवटी बेदाण्याच्या शेडमधली एक फळी उचलली,
पोत्यात गुंडाळून एसटीत पायाशी घेतली.
कंडक्टर म्हणाला, हे काय?
दार आहे.
त्यानं लगेजचं तिकीट फाडलंच.

महोत्सव त्या वर्षी आमच्याच कॉलेजात.
आमचा नंबर अकरावा, जेवणानंतरचा,
हॉलभर भडंगाचा वास, पुढच्या रांगेत परीक्षकांचे तीन चष्मे.
मी तीन थापा दिल्या
आणि धनेशचं वाक्य गेलं.
गेलं म्हणजे गेलंच.
तो उजेडाच्या मधोमध उभा,
गाडी चुकलेल्या माणसासारखा.
माझ्याकडे संहिता नव्हती,
फळी होती.

मी चौथी दिली.
हळू. कंटाळून परत निघालेल्यानं
जाता जाता एकदा द्यावी तशी.

तो वळला. म्हणाला, "थांबा! थांबा, आलो."
हे कुठंच लिहिलेलं नव्हतं,
पण त्याच्यामागून बाकीचं सगळं आलं.

बक्षीस मिळालं नाही.
प्रमाणपत्रावर भाग्यरेखाची भाग्यरेषा झाली,
ते दुरुस्त करायला मी कधी गेले नाही.

अण्णा त्या दिवशी सौद्याला सांगलीत होते.
पंधरा दिवस फळी शोधत होते ते.
कुणी सांगितलं कुणास ठाऊक,
शेवटच्या रांगेत बसलेले, मांडीवर पिशवी,
स्टेजवरच्या प्रत्येक पोरीत मला शोधत.
एसटीत तासगावपर्यंत एक शब्द नाही.
मग खिडकीकडं बघत: बाभळीची हाय ती.
म्हणून आवाज जड येतोय.
सागाची असती तर पोकळ वाजली असती.
आणि बऱ्याच वेळानं,
चौथी थाप कशाला दिलीस?
मी म्हणाले, तसंच लिहिलं होतं.
हं, म्हणाले.

फळी परत शेडमध्ये गेली,
खालच्या जाळीला टेकू म्हणून.
तिच्यावर इम्तियाजच्या अक्षरात खूण आहे,
ऑइलपेंटची, डिपिंगच्या डागांतूनही दिसते: प्र. ३.
परवा धाकटी चुलती विचारत होती,
प्र. तीन म्हणजे काय गं?
प्रॅक्टिकल, मी म्हणाले.