ठिगळ

हरिपूरच्या वझेबाईंचा तंबोरा
भोपळ्याला तडा गेला म्हणून आला.
तबली सोडवली, वाफेनं, सुरीनं, दुपारभर,
आत बॅटरी धरली तर
या तड्याआधीचा एक तडा
आणि त्यावर कागदाचं ठिगळ,
चिंचोक्याच्या खळीचं, अजून घट्ट.

मिरजेत आमच्या गल्लीत हे नवं नाही.
भोपळ्यात मी लग्नपत्रिका पाहिल्यात,
कोर्टाचं समन्स, एकदा हळदीच्या सौद्याची पट्टी.
पण हा वर्तमानपत्राचा तुकडा, वर चित्र:
तळ्यावर एक लांबोडकं काहीतरी,
दोन्ही टोकांना निमुळतं,
खाली मुंग्यांएवढी माणसं.

मान वाकडी करून वाचत राहिले.
जर्मनीत एका सरोवरावर तरंगतं गोदाम,
वारा फिरेल तसं फिरणारं,
त्यातून ओढून काढलेलं विमान, चारशेवीस फूट,
ॲल्युमिनियमच्या बरगड्या, आत वायूच्या सतरा पिशव्या,
उडालं अठरा मिनिटं.
पुढचं वाक्य खळीखाली गेलेलं.
कोपऱ्यात बारीक: याआधी एका लाकडाच्या व्यापाऱ्यानं
धातूचंच बांधलं होतं. उडायच्या आत तो वारला.
बायकोनं काम पुरं करून घेतलं,
उभी राहून पाहिलं.
तेही पडलं.

समासात शिसपेन्सिल. दस्तगीरबाबांचा हात.
मी ओळखते, जुन्या वहीत हेच वळण:
मंगळवेढ्याचे भोपळे किती, फुटके किती.
‘सतरा’खाली दोन रेघा.

बाकीचं घरात तुकड्यातुकड्यानं ऐकलेलं.
बांबूच्या कामट्या, दांडीसारख्या तासलेल्या,
कडं, पुन्हा कडं, लांबी तीन हात,
आत बकऱ्यांचे सतरा फुगे,
बकरीदीला पोरं फुगवून खेळतात ते.
तात वळणाऱ्यांना आतड्याचा वास नवा नसतो.
(पुढं तिकडंही गाईंच्या आतड्यांच्याच पिशव्या झाल्या म्हणे,
एका विमानाला लाखो गाई;
बाबांना कळतं तर दोन दिवस बोलत राहिले असते.)
मिशन दवाखान्यातल्या शांतवन कंपाउंडरनं तेजाब दिलं,
जस्ताचे तुकडे कासाराकडून.
बाटलीत फसफस, नळी, फुगा, दोरा.
विडी कुणी पेटवायची नाही.
असं सतरा वेळा.

खंदकाच्या काठावर निम्मी गल्ली जमली.
सोडलं.
जमिनीवरच राहिलं.
कुणीतरी ओरडलं, भोपळा!
आमच्या गल्लीत ती शिवी होत नाही,
त्या दिवशी झाली.

नुसता फुगा हवा गेली की लोळागोळा.
बरगड्या बांधल्या तर पोट रिकामं असूनही आकार राहतो.
सरोवरावरच्या म्हाताऱ्याला हे उमगायला आयुष्य लागलं,
भोपळे वाळवणाऱ्याला आधीच ठाऊक होतं.
पण वाळवणाऱ्याला तेवढं तळं कोण देणार?

लोक पांगल्यावर बाबांनी ते काट्यावर टांगलं.
फुगे भरायच्या आधीचं वजन लिहून ठेवलेलंच होतं.
समासातली शेवटची ओळ ती:
२ तोळे हलके.
पुढं काही नाही, पूर्णविरामही नाही.

जुनं ठिगळ खरवडून काढायचं, ही रीत.
मी गरम पाण्याचा बोळा दोनदा उचलला, दोनदा ठेवला.
शेवटी त्याच्या भोवतीनं नवं कापड लावलं,
तबली बसवली, लाख, तारा, जवारी.
षड्ज लागला तेव्हा आत काहीतरी थरथरलं,
कागद असेल, किंवा भास.

वझेबाईंनी बिल पाहिलं.
ठिगळाचे जास्त लावलेत, म्हणाल्या.
म्हटलं, जुनं ठेवून काम केलंय.
वेळ जातो.