माझ्या कानाकडे बघा

फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय.
इलेक्टिव्हचा विषय, पसंतीक्रम एक ते तीन,
खाली कारण लिहायला दोन ओळी,
त्यातली एक स्टेपलरच्या पिनेखाली.

ओजसने कार्डिओ लिहिलं, पेन न उचलता.
अल्फियाचं रेडिओलॉजी. तिथे एसी असतो आणि कुणी रडत नाही,
असं ती उघड म्हणते, आणि मला ते आवडतं.
सासवडहून बाबांचा फोन:
‘डोळ्यांचं? म्हणजे नंबर काढायचा ना?
तो तर चष्म्याच्या दुकानातही काढून देतात, फुकट.’
मी म्हटलं, हो.
मेसमधली उसळ संपत आली होती.

पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये
आमच्या टेबलावर प्रत्येकानं हृदय हातात घेऊन पाहिलं.
डोळ्यांवर कुणीतरी ओला कापूस ठेवला होता.
तो उचलायला वर्षभर कुणी पुढे आलं नाही.
मीही नाही.

मग ससूनमधली ती अंधारी खोली,
बाहेर नऊलाच जिन्यापर्यंत रांग,
आत स्लिट लॅम्प, आणि दिवसभर एकच पाठ:
हनुवटी इथं ठेवा, कपाळ पुढं टेकवा,
माझ्या कानाकडे बघा.
उजवा डोळा, उजवा कान.
डावा डोळा, डावा.
साठ-सत्तर माणसं रोज
माझ्या कानांकडे बघून गेली
आणि मी त्यांच्या बुबुळांवरून
उजेडाची एक फट सरकवत बसले.
इतक्या जवळ मी कुणाच्याच बसलेली नाही.
गुडघ्याला गुडघा. तंबाखूचा वास, साबुदाण्याचा वास.
काहीजण श्वासच रोखून धरतात,
जणू फोटो निघतोय.

शनिवारी गव्हाणे सर टिफिन देऊन पाठवायचे
कॅम्पातल्या मटण मार्केटात.
बारा डोळे, बर्फावर.
‘शिकणारे का? घ्या, एक जास्तीचा.’
टाका घालताना
बकऱ्याचा डोळा भलतीकडेच बघतो.
त्याला कान दाखवून उपयोग नसतो.

सोजराबाई लोणकर, मार्केट यार्डात पालेभाजी.
मेथी, चुका, शेपू वासावर ओळखायच्या,
नाणी नखानं.
‘नोटाच तेवढ्या दगाबाज,’ म्हणाल्या,
‘पाचशेची म्हणून शंभराची देऊन गेला मेला.’
उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, ताकासारखा.
तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर विचारलं
तर त्यांनी विचारलं, तक्ता कुठाय?

ऑपरेशन गव्हाणे सरांनी केलं,
मी फक्त पाणी सोडत होते.
दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली.
बोटं किती? तीन. आता? दोन.
मग हनुवटी, कपाळ.
बाई, माझ्या कानाकडे बघा.
त्या बघत राहिल्या,
भाजी निवडताना बघतात तसं.
‘तीळ हाय गं तुला,’ म्हणाल्या.
‘आतल्या घडीत. राळ्याएवढा.’

मी लिहिलं: कॉर्निया स्वच्छ, लेन्स जागेवर.
तिळासाठी केसपेपरवर रकाना नाही.

रात्री हॉस्टेलच्या आरशात मान वळवून वळवून पाहिलं.
दिसेना.
अल्फियानं टॉर्च मारला, मोबाइलवर फोटो काढला,
दोन बोटांनी मोठा केला.
आहे.
एकवीस वर्षं असणार,
आणि आईनं न्हाऊ घालताना पाहिला असेल
तर कधी बोलली नाही.

फॉर्मवर कारण लिहिलंय: विषयात रस आहे.
अल्फिया म्हणाली, एवढंच? अजून एक ओळ आहे की.
मी म्हटलं, ती पिनेखाली आहे.
पसंतीक्रम दोन आणि तीन
रिकामे ठेवले तर चालतात का,
ते उद्या ऑफिसात विचारायचंय.