लाल डायरी

माझ्याकडे एक डायरी आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची.
एकोणतीस वर्षांच्या मोटारी तिच्यात निजल्यात:
किती खाचा, किती वेढे, कुठल्या गेजची तार.
मुलं विचारायची, मी पान काढून वाचायचो,
मुलं उतरवून घ्यायची. मोटार फिरायची.
मला वाटायचं, शिकवलं.

मग परदेशीपुऱ्यात एकदा जुना विद्यार्थी भेटला,
स्वतःच्या दुकानाच्या पायरीवर,
पुढ्यात एक परका पंप पोट उघडून.
"सर, ह्याचा डेटा असेल का तुमच्याकडे?"
आयटीआय सोडून सात वर्षं झाली होती त्याला.

त्या रात्री डायरी कपाटात टाकली.
किल्ली, खोटं कशाला सांगू,
खिशातच ठेवली.

जुलैत अंतिम डाबी आला, देपालपूरकडचा.
सहावं लेकरू, म्हणून नाव अंतिम.
पोत्यात घालून, बसने,
घरच्या विहिरीवरची जळकी मोटार घेऊन.
"सर, वेढे किती?"
मोटारीलाच विचार, म्हटलं.
वर्ग हसला. तो नाही.
तीन दिवस मला हिंदीत, माळवीत,
आणि स्टाफरूममध्ये शुद्ध मराठीत नावं ठेवली गेली.

चौथ्या दिवशी त्याने छिन्नी घेतली.
तार तोडण्याआधी (हे मी सांगितलं नव्हतं)
जोडण्या खडूने टेबलावर काढल्या.
टोकं मोजली. एकसष्ट.
पुन्हा मोजली. चौसष्ट.
मी दाराशी, जिभेवर आकडा.
ह्या नोकरीतलं सगळ्यात जड काम हेच:
चहा घेऊन उभं राहायचं
आणि चहाच प्यायचा.

नवी वाइंडिंग पहिल्यांदा गुरगुरून बसली.
एका कॉइलची टोकं उलटी होती, ते शोधायला दुपार गेली.
मग फिरली, पण उफराटी.
दोन तारा त्याने बदलल्या
माझ्याकडे न बघता.

जाताना म्हणाला, "सर, जुन्यातल्या चार कॉइल कोऱ्या होत्या,
आठच काळ्या.
म्हणजे आमच्याकडे एक फेज गेला होता रात्री,
आणि बाबूजी म्हणतात मोटारच खराब."
मी काही बोललो नाही.
बोललो असतो तर आवाज नीट आला नसता.

घरी येऊन डायरी उघडली.
त्याच कंपनीची, तेवढ्याच ताकदीची मोटार,
माझ्या अक्षरात: बासष्ट.
खोडलं नाही अजून.
शेजारी पेन्सिलीने चौसष्ट लिहिलंय,
पुढे त्याचं नाव,
आणि एक प्रश्नचिन्ह,
माझ्यासाठी.